घरच्या सर्व्हरची डिस्क रुसली तर



आपल्या बेटावर काही घरांत आता एक लहानसा सर्व्हर रात्रंदिवस चालू असतो. जुना संगणक किंवा तळहाताएवढा रास्पबेरी पाय, त्याला जोडलेली एक हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कवर सारे घर साठविलेले: लग्नांचे फोटो, आजीच्या आवाजातील गाणी, झाकरीच्या रात्रीचे ध्वनिमुद्रण, मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मिळविलेली पणजोबांच्या आगमनाची नोंद. नोंदीची प्रत पुन्हा मागता येईल. आजीचा आवाज मात्र पुन्हा कोणी देणार नाही.

जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आले तेव्हा पुष्कळ घरांतील वीज गेली. अशी वीज अचानक जाते, परत येते, सर्व्हर सुरू होतो आणि फोटोंचा फोल्डर उघडावा तर आत काहीच नाही! घरात एकच हाहाकार उडतो. परंतु रिकामा फोल्डर म्हणजे पुसलेली डिस्क नव्हे. डिस्क ‘माउंट’ झालेली नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. मूल शाळेच्या आवारात आले आहे, पण वर्गात बसविलेले नाही, तसाच हा प्रकार. आपल्याला दिसते ती नुसती रिकामी वर्गखोली.

म्हणून पहिला नियम हा की त्या फोल्डरमध्ये नवीन काही ठेवू नये; ते मुख्य डिस्कवर जाऊन पडते आणि गोंधळ वाढतो. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. लिनक्सची डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावली तर विंडोजला तिची मांडणी समजत नाही आणि ते फॉरमॅट करण्याविषयी विचारते. तेथे ‘होय’ कधीही म्हणू नये.

आता तपासणी बाहेरून आत करावी. आधी वीज आणि तार पाहावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा स्वतंत्र अॅडॅप्टर लागतो. अडीच इंची डिस्क यूएसबीवरच चालते, पण रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी जागा मिळून १.२ अँपिअरच देतात. दोन डिस्का लावल्या की वीज अपुरी पडू शकते. अशा वेळी स्वतःची वीज असलेला यूएसबी हब वापरावा. तार बदलून पाहावी, जागा बदलून पाहावी. दोष तारेचा आणि बदनाम डिस्क, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

मग सर्व्हरला डिस्क दिसते का, हे विचारावे. लिनक्सवर ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दिली की जोडलेल्या सर्व डिस्कांची यादी येते. यादीत डिस्कच नसेल तर दोष तार, वीज, डिस्कचा डबा किंवा खुद्द डिस्क ह्यांपैकी कशात तरी आहे. यादीत ती असेल तर निम्मी काळजी मिटली.

पुढे ओळख पाहावी. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे बाकावरच्या जागेसारखी आहेत. पुन्हा सुरू करताना ती बदलू शकतात. ‘यूयूआयडी’ हा मात्र जन्मदाखल्यावरच्या क्रमांकासारखा आहे. ‘बीएलकेआयडी’ ही आज्ञा तो दाखविते. ‘एफएसटॅब’ ह्या फाइलमध्ये हाच क्रमांक लिहिलेला असावा आणि सोबत ‘नोफेल’ हा शब्द असावा, म्हणजे डिस्क आली नाही तरी सर्व्हर सुरू होताना अडून बसत नाही.

ओळख बरोबर असूनही डिस्क माउंट होत नसेल तर ‘डीमेसेज’ची नोंदवही वाचावी आणि डिस्कची ‘स्मार्ट’ प्रकृती तपासावी. क्रमांक ५ म्हणजे बदललेले खराब भाग, १९७ म्हणजे वाचता न येऊन खोळंबलेले भाग. हे आकडे वाढत असतील तर डिस्क आजारी आहे. १९९ वाढत असेल तर बहुधा तार वाईट आहे. डिस्क टकटक आवाज करीत असेल तर मात्र तत्काळ वीज बंद करावी. ती उघडू नये, फ्रिजमध्ये ठेवू नये. आत दव जमले तर उरलीसुरली आशाही जाते. अशी डिस्क जाणकाराकडेच द्यावी.

दुरुस्तीचा क्रम असा: आधी प्रत, मग उपचार. प्रकृती ठीक असेल तर डिस्क केवळ वाचण्यापुरती माउंट करून सर्व माहिती दुसरीकडे उतरवून घ्यावी. डिस्क आजारी असेल, किंवा वाचण्यापुरतीही माउंट होत नसेल, तर ‘डीडीरेस्क्यू’ने तितक्याच वा मोठ्या डिस्कवर तिची हुबेहूब नक्कल काढावी. त्यानंतरच ‘एफएससीके’ हा दुरुस्तीचा कार्यक्रम चालवावा, तोही डिस्क माउंट नसताना आणि शक्यतो नकलेवर. पुस्तकाची अनुक्रमणिका फाटली तरी प्रकरणे जागेवर असतात. ईएक्सटी४ पद्धतीच्या डिस्कवर मुख्य नोंदीच्या राखीव प्रतीही असतात. हा कार्यक्रम त्यांचा आधार घेऊ शकतो. विंडोजकडून आलेली एनटीएफएस डिस्क नीट बंद न करता काढलेली असेल, तर लिनक्स तिच्यावर लिहिण्यास नकार देऊ शकते. ती विंडोजला परत लावून, तपासून, रीतसर बंद करावी.

एवढे सर्व करूनही एखादी डिस्क वाचत नाही. म्हणून खरा उपाय वादळाच्या आधीचा आहे. सर्व्हरला एक लहान यूपीएस जोडावा, म्हणजे वीज गेल्यावर तो शिस्तीने बंद करता येतो. मोलाच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. वाक्वात राहणाऱ्याने एक डिस्क रोज बेलच्या मावशीकडे ठेवावी आणि मावशीची आपल्याकडे आणावी. एकाच छपराखाली ठेवलेल्या तीन प्रती पुराच्या पाण्यात एकदमच भिजतात.

आपल्या वाडवडिलांनी जहाजातून फार थोडे सामान आणले. गाणी आणली ती कंठात. अनेक कंठांत होती म्हणूनच ती टिकली. आज तीच गाणी एका डिस्कवर ठेवून आपण निश्चिंत होऊ नये. येत्या रविवारी मुलांना हाताशी घेऊन दुसरी प्रत करावी, आणि ती उघडते की नाही हे त्याच दिवशी पाहावे.