मनाचा ताण, पायांचा इलाज

मुलांचा डबा, नळाला पाणी येण्याची वेळ, घराचा हप्ता, बारावीची परीक्षा, वडीलधाऱ्यांचे आजारपण. सामान्य कुटुंबाचा दिवस यातच संपतो. संध्याकाळपर्यंत डोके जड होते, मान आखडते आणि क्षुल्लक कारणावरून मुलांवर आवाज चढतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. ‘टेन्शन आलंय’ असे आपण म्हणतो. पण हे टेन्शन फक्त मनात नसते, ते शरीरातही असते. म्हणून ते हलके करण्याचा एक रस्ता शरीरातूनच जातो.

शरीर पळायला तयार, आपण मात्र बसून

संकट दिसताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. ॲड्रिनलिन रक्तात मिसळते, हृदय जोरात धडधडते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, साठवलेली साखर रक्तात येते. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरकही वाढते. समोर साप असेल तर ही तयारी जीव वाचवते. पण हप्त्यासाठी बँकेचा फोन आला तरी शरीर जवळपास हीच तयारी करते. फरक इतकाच की तेव्हा आपण पळत नाही, फोन हातात धरून बसून राहतो. असे रोज होत राहिले की झोप, पचन आणि रक्तदाब यांवर परिणाम होऊ लागतो.

झपझप चालल्याने शरीराची ही तयारी कामी येते. ताठलेले स्नायू वापरले जातात आणि नंतर सैल पडतात. नियमित व्यायामाने हृदयाला वेग वाढवण्याची आणि पुन्हा शांत होण्याची सवय लागते, झोप सुधारते. शिवाय तेवढा वेळ मन एकाच विचाराभोवती फिरायचे थांबते.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात नैराश्य असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ जणांवर अभ्यास झाला. १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना औषध, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, तर काहींना दोन्ही दिले गेले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसली. औषधाचा गुण मात्र सुरुवातीला लवकर आला. याचा अर्थ गोळ्या आपल्या मनाने बंद कराव्यात असा मुळीच नाही. पण चालण्याला किरकोळ समजू नये, एवढे नक्की.

‘दिवसभर राबतेच की!’

व्यायामाचा विषय निघाला की घरातील स्त्रीकडून हे उत्तर हमखास येते. त्यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनाही घरकामाला शारीरिक हालचालीत धरते. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे आणि वाकून फरशी पुसणे यात ठरावीक स्नायूंवरच भार पडतो. त्यातच एक डोळा घड्याळावर आणि एक कान कुकरच्या शिटीकडे असतो. शरीर थकते, पण मनाला उसंत मिळत नाही. म्हणून तिला दिवसातला अर्धा तास असा हवा, ज्यात तिला कोणी हाक मारणार नाही. हा वेळ तिने एकटीने काढायचा नसतो, घराने तिला द्यायचा असतो. तेवढ्या वेळात अब्बांनी मुलांना उठवले, मोठ्या मुलाने चहा ठेवला, तर घराचे काही अडत नाही.

किती आणि कसा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे प्रकार करावेत. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग.

• फजरच्या नमाजसाठी घर जागे होतेच. पुन्हा झोपण्याऐवजी २०-३० मिनिटे चाला. बाहेर जाणे जमत नसेल तर गच्ची, अंगण किंवा इमारतीचा जिना आहेच.
• सलग वेळ नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन भाग करा.
• एखादी बहीण, जाऊ किंवा शेजारीण सोबत घ्या. बोलणेही होते आणि खाडाही पडत नाही.
• भिंतीला हात टेकून दंड काढा, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा.
• राग उफाळला तर खांदे कानांपर्यंत उचलून पाच सेकंद आवळा, मग श्वास सावकाश सोडत सैल करा. असे तीन-चारदा करा.
• रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर थोडा वेळ जाऊ देऊन, हलकाच ठेवा.

एवढी काळजी घ्या

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गुडघ्यांचा त्रास असेल, तसेच गरोदरपणात, आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठा.

चालल्याने कर्ज फिटत नाही की घरातले वाद मिटत नाहीत. पण त्यांना सामोरे जाताना डोके थोडे थंड राहते. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक-झोप उडाली किंवा जगणे नकोसे वाटू लागले तर केवळ व्यायामावर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. यात लाज बाळगण्यासारखे काही नाही.

आज रात्री जेवताना घरात एवढेच ठरवा : कोणाचा अर्धा तास कोणता, आणि त्या वेळेत त्याचे काम कोण करणार.