समुद्राकडे पाठ करून गोवा

गोव्यात जाऊन समुद्राकडे पाठ फिरवायची असेल, तर मुक्काम फोंड्यात करावा. पणजीहून हे गाव साधारण ३० किलोमीटरवर आहे, पण त्याचा इतिहास किनाऱ्याहून निराळा. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली आणि १५४३ मध्ये बार्देश व साष्टी घेतली. फोंडा, सांगे, केपे हे तालुके त्यांच्याकडे कायमचे गेले ते अठराव्या शतकात. मधल्या दोन शतकांतला गोवा पाहायचा तर तो इथेच दिसतो.

सोळाव्या शतकात किनाऱ्याकडची देवळं पाडली जाऊ लागली, तेव्हा भाविकांनी देव उचलून नदीपार आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. आजच्या इमारती नंतरच्या. त्यांचे घुमट, कमानी आणि झुंबरं पाहिली की शेजारच्या चर्चचा प्रभाव लपत नाही. मंगेशीची सात मजली दीपमाळ मात्र पक्की गोव्याची. मास्टर दीनानाथांचं हेच गाव. मंगेशकर आडनाव इथूनच आलं. तिन्ही देवळं एका सकाळीत होतात. दुपारी सावईवेऱ्याच्या बाजूचं एखादं कुळागर पाहावं. माड-पोफळींच्या सावलीत केळी, जायफळ आणि झाडांवर चढलेली मिरवेल, सगळं पाटाच्या पाण्यावर पोसलेलं.

दुसरा दिवस मोलेच्या जंगलाला द्यावा. अनमोड घाटाच्या पायथ्याशी, तांबडी सुर्ला इथे कदंबकाळातलं महादेवाचं देऊळ आहे. गोव्यात बांधकाम होतं ते जांभ्यात. हे देऊळ मात्र काळ्या बेसाल्टचं, पूर्वाभिमुख, छताला कोरीव कमळ. वाटेपासून दूर, दाट रानात असल्यामुळेच ते टिकलं, असं मानलं जातं. जवळच्या कुळ्याहून वनखात्याच्या परवानगीने चालणाऱ्या जीप दूधसागरला नेतात. सुमारे ३१० मीटरचा हा धबधबा पावसानंतरच्या महिन्यांत भरलेला असतो.

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला, रिवणजवळच्या उसगाळीमळला जावं. कुशावतीच्या काठी जांभ्याच्या सपाट कातळावर बैल, हरणं, माणसं आणि एक मोठा चक्रव्यूह कोरलेला आहे. ही चित्रं प्रागैतिहासिक काळातली आहेत. उन्हं कलती असताना जावं, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. पुढे नेत्रावळीला गोपीनाथाच्या देवळाशेजारी बुडबुड्यांची तळी आहे. तळातून बुडबुडे सतत वर येत राहतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. पावसाळ्यात जीप बंद असतात आणि नदीकाठचा कातळ निसरडा होतो. आतल्या गावांना बस कमी, तेव्हा गाडी ठरवूनच निघावं. मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळांत राहायची सोय असते, मात्र जत्रेच्या दिवसांत आधी चौकशी करावी. बेळगावकडून येणाऱ्यांनी हा क्रम बदलावा: अनमोड घाट उतरताच पहिला थांबा तांबडी सुर्ला.