नाचत्या सुरांची चुरस

फेब्रुवारीतला शनिवार. अमेरिकेच्या इंडियाना, आयोवा किंवा ओहायो राज्यातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या शहरात रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग साचलेले असतात. एरवी सुट्टीच्या दिवशी निर्मनुष्य असणाऱ्या हायस्कूलच्या आवारात मात्र सकाळी सातपासून पिवळ्या बसगाड्यांची रांग लागलेली असते. बसमधून उतरणाऱ्या मुलींचे केस स्प्रे मारून घट्ट बसवलेले, चेहऱ्यावर रंगभूमीला शोभेल असा ठसठशीत मेकअप आणि खांद्यावर टिकल्यांच्या पोशाखांच्या लांब पिशव्या. मागून आलेल्या ट्रकमधून त्यांचे वडील नेपथ्याचे सांगाडे उतरवत असतात. वर्गखोल्यांचे रंगपट झालेले असतात, यजमान शाळेचे पालक उपाहारगृहात खाद्यपदार्थ विकत असतात आणि प्रेक्षागृहातून अधूनमधून असा काही कल्लोळ उठतो, की आत बास्केटबॉलचा अंतिम सामना रंगला असावा. प्रत्यक्षात आत गाण्याची स्पर्धा सुरू असते.

‘शो क्वायर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. फार तर नाचणारा गायकवृंद म्हणता येईल. समूहगान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओळीत ताठ उभे राहून स्फूर्तिगीत गाणारी शाळकरी मुले येतात आणि ती बहुधा सारी मिळून एकच चाल गात असतात. इथे तसे नसते. चाळीस-पन्नास मुले-मुली चार किंवा अधिक स्वतंत्र स्वरांगांत विभागलेली असतात. प्रत्येक गट वेगळी सुरावट गातो आणि त्यांच्या मेळातून गाणे उभे राहते. हे सारे पायऱ्यापायऱ्यांच्या चौथऱ्यांवर चढत-उतरत, उड्या मारत, गिरक्या घेत करायचे असते. धाप लागलेली असताना लांब स्वर न थरथरता धरून ठेवणे ही यातली खरी कसोटी होय. ज्याने कधी जिना चढता चढता गाणे गुणगुणून पाहिले असेल, त्याला तिची कल्पना येईल.

या कलेचे मूळ शोधू गेल्यास फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदप्रमुखापाशी पोहोचावे लागते. ‘पेनसिल्व्हेनियन्स’ हा त्याचा गायक-वादकांचा ताफा रेडिओच्या जमान्यात घरोघरी माहीत होता. (गंमत म्हणजे, अमेरिकी स्वयंपाकघरात त्याचे नाव आजही घेतले जाते ते विजेवरच्या मिक्सरमुळे. ‘वॉरिंग ब्लेंडर’ला पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही त्यानेच पुरवली.) १९४७ पासून त्याने पेनसिल्व्हेनियातल्या शॉनी येथे संगीतशिक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या आणि शब्द स्पष्ट, एकसंध व रंजक रीतीने कसे गावेत, याची त्याची पद्धत शाळाशाळांत पोहोचली. इंडियाना विद्यापीठात १९५० मध्ये ‘सिंगिंग हूझियर्स’ हा वृंद उभा राहिला. कॅलिफोर्नियात १९६२ साली ‘यंग अमेरिकन्स’ सुरू झाला. दूरचित्रवाणीवर गात नाचणारी ही हसतमुख तरुण मंडळी पाहून शाळांतही तसे गट निघू लागले. तेव्हा त्यांना ‘स्विंग क्वायर’ म्हणत. इंडियानातल्या फोर्ट वेन शहरात बिशप ल्युअर्स हायस्कूलने १९७४ मध्ये अशा गटांची स्पर्धा भरवली. हायस्कूल वृंदांची पहिली स्पर्धा म्हणून तिचाच उल्लेख केला जातो.

आज प्रत्येक शाळेचा कार्यक्रम साधारण वीस मिनिटांचा असतो आणि त्यात पाच-सहा गाणी बसवलेली असतात. धडाकेबाज सुरुवात, मध्ये केव्हातरी नाच जवळजवळ थांबवून गायलेले संथ गीत, एखादे गमतीदार किंवा नाट्यमय गाणे आणि शेवटी प्रेक्षकांना उभे करणारा समारोप, असा ढोबळ साचा. अलीकडे अनेक शाळा या वीस मिनिटांत एक कथाही गुंफतात. पोशाख कार्यक्रमाच्या मध्येच बदलले जातात, तेही काही सेकंदांत. विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद साथीला असतो आणि काळ्या कपड्यांतली मुले अंधारात नेपथ्य हलवत असतात. त्यांच्यासाठीही स्वतंत्र पारितोषिके असतात, हे विशेष. सकाळपासून प्राथमिक फेरी, त्यातून निवडलेल्या पाच-सहा वृंदांची रात्री अंतिम फेरी आणि निकाल मध्यरात्रीच्या आगेमागे, असा दिवसाचा क्रम. मोठे मिश्र गट, छोटे मिश्र गट आणि फक्त उंच पट्टीतल्या आवाजांचे, म्हणजे मुख्यतः मुलींचे गट, अशा विभागण्या असतात. गाणारे मुलगे मिळणे तिथेही अवघडच.

‘ग्ली’ या मालिकेमुळे हे विश्व जगभर पोहोचले. २००९ ते २०१५ या काळात फॉक्स वाहिनीवर चाललेली ही मालिका भारतातही अनेकांनी पाहिली. ओहायोतल्या एका काल्पनिक शाळेतली उपेक्षित मुले गाण्यातून सावरतात, अशी तिची कथा. तिच्या जनकांपैकी इयन ब्रेनन स्वतः इलिनॉयमधल्या आपल्या शाळेच्या शो क्वायरमध्ये होता. तरीही मालिकेने एक मोठा गैरसमज रूढ केला. त्यात विभागीय, प्रादेशिक आणि राष्ट्रीय अशी स्पर्धेची शिडी दाखवली आहे. वास्तवात अशी शिडी नाही.

या विश्वातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे. अमेरिकी हायस्कूलमधल्या जवळजवळ प्रत्येक खेळाला राज्य पातळीवरचे नियामक मंडळ आणि मान्यताप्राप्त अजिंक्यपद असते. शो क्वायरमध्ये तसे क्वचित आढळते. इंडियानात राज्याच्या शालेय संगीत संघटनेतर्फे राज्यस्तरीय अंतिम स्पर्धा होते, पण तो अपवाद. इतरत्र शाळाच स्पर्धा भरवतात आणि कुठे उतरायचे हे शाळाच ठरवतात. हंगामात तीन-चार ठिकाणी हजेरी लावली की झाले. ‘राष्ट्रीय’ म्हणवणाऱ्या स्पर्धाही एकाहून अधिक असून त्या वेगवेगळ्या आयोजकांच्या असतात. नॅशव्हिलच्या सुप्रसिद्ध ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या रंगमंचावर झालेली त्यांतलीच एक. साहजिकच एकाच वर्षी दोन-तीन शाळांनी स्वतःला राष्ट्रीय विजेते म्हणवावे, यात कोणालाच खोटेपणा वाटत नाही. मिसिसिपीतल्या क्लिंटन हायस्कूलचा ‘अटाशे’, इंडियानातल्या कार्मेल हायस्कूलचा ‘अॅम्बॅसेडर्स’ आणि कॅलिफोर्नियातल्या जॉन बरोज हायस्कूलचा ‘पॉवरहाउस’ यांच्यात श्रेष्ठ कोण, याचा अधिकृत निवाडा देणारी संस्थाच अस्तित्वात नाही.

ती पोकळी चाहते भरून काढतात. कोणत्या वर्षी कोणत्या शाळेने कोणत्या गाण्याने सुरुवात केली, कोणाला किती गुणांनी हुलकावणी मिळाली, कोणत्या नृत्यदिग्दर्शकाची हालचाल दुसऱ्या कोणत्या शाळेत आधी दिसली होती, हे त्यांना मुखोद्गत असते. त्यांत सध्याच्या मुलांचे आईवडील असतात, महाविद्यालयात गेलेले माजी गायक असतात आणि ज्यांचे स्वतःचे कोणीच आता रंगमंचावर नाही असे लोकही असतात. चार-पाच तास गाडी चालवून ते दुसऱ्या राज्यातली स्पर्धा पाहायला जातात. पुण्यातल्या पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी ‘आव्वाज कुणाचा?’ अशी आरोळी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना तिथला गोंगाट परका वाटणार नाही. वृंद रंगमंचावर आला की अंधारातून मुलांची नावे पुकारली जातात, उंच पट्टीतली सुरावट साधली की शिट्ट्या वाजतात. मात्र संथ गीत सुरू होताच सभागृह असे निःशब्द होते, की पंख्याचा आवाज ऐकू यावा. हा शिष्टाचार कुठल्या नियमावलीत लिहिलेला नाही.

वादाचा कायमचा विषय अर्थातच गुण. गायनाला किती आणि नृत्य-सादरीकरणाला किती, हे प्रत्येक स्पर्धा आपापले ठरवते. बहुतेक ठिकाणी गायनाला निम्मे किंवा त्याहून अधिक वजन असते. पण बेरीज कशी करायची, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. समजा, पाच परीक्षक आहेत आणि दोन वृंदांत चुरस आहे. चौघांनी पहिल्या वृंदाला प्रत्येकी ८६ आणि दुसऱ्याला ८५ गुण दिले. पाचव्याने पहिल्याला ८२ आणि दुसऱ्याला ९० दिले. बेरीज पहिल्याची ४२६ आणि दुसऱ्याची ४३० होते. म्हणजे पाचपैकी चौघांना जो सरस वाटला, तोच हरतो. हे टाळण्यासाठी काही स्पर्धांत गुणांऐवजी प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम धरला जातो. मग पहिला वृंद चार विरुद्ध एक असा जिंकतो. त्यावरही आक्षेप आहेच. पाचव्या परीक्षकाला खरोखरच आठ गुणांचा फरक ऐकू आला असेल, तर त्याचे मत एका गुणाच्या फरकाइतकेच का मोजायचे? दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही. क्रिकेटमध्ये धावा मोजता येतात. सुरांच्या बाबतीत मोजपट्टीच वादग्रस्त असते.

पण चाहत्यांकडे केवळ हौशी वादपटू म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. हा सारा डोलारा त्यांच्याच खांद्यावर उभा आहे. गाण्यांची खास त्या वृंदासाठी केलेली मांडणी, बाहेरून बोलावलेला नृत्यदिग्दर्शक, पोशाख, बसभाडे, नेपथ्य यांचा खर्च शाळेच्या संगीत विभागाला झेपणारा नसतो. एका विद्यार्थ्यामागे शेकडो डॉलर आणि नामवंत वृंदांत त्याहून बरेच अधिक भरावे लागतात. उरलेली रक्कम ‘बूस्टर क्लब’ म्हणजे पालकांची समर्थक संघटना उभी करते. स्पर्धा भरवणे हाच तिचा मोठा उत्पन्नाचा मार्ग असतो. तिकिटे विकायची, पिझ्झा विकायचा, पाहुण्या शाळांची सरबराई करायची आणि त्या पैशांतून पुढच्या शनिवारी दुसऱ्याच्या स्पर्धेला जायचे. सधन उपनगरातल्या शाळा वरचढ ठरतात, ही तक्रार त्यामुळेच वारंवार होते आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

या समर्थकांना एकदा चक्क न्यायालयाची पायरी चढावी लागली. लॉस एंजेलिसजवळच्या बरबँक हायस्कूलचा संगीत विभाग नावाजलेला असून ‘ग्ली’ची प्रेरणा तोच असल्याचे बोलले जाते. २०१६ साली ‘ट्रेसोना मल्टिमीडिया’ या परवाने देणाऱ्या कंपनीने तिथल्या संगीतशिक्षकावर, बूस्टर क्लबवर आणि त्यातल्या काही पालकांवर व्यक्तिशः स्वामित्वहक्कभंगाचा दावा दाखल केला. अमेरिकी कायद्यानुसार प्रचलित गाण्याची नवी मांडणी करायची, तर मूळ हक्कधारकाची परवानगी लागते आणि ती चार गाण्यांसाठी घेतली नव्हती, असा कंपनीचा आरोप होता. हेतुपुरस्सर भंग सिद्ध झाल्यास एका कृतीमागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई ठोठावण्याची तरतूद त्या कायद्यात आहे. शाळेच्या कार्यक्रमासाठी तिकिटे विकणाऱ्या आईबापांच्या दृष्टीने ही रक्कम घर विकायला लावणारी होती.

चारपैकी तीन गाण्यांबाबत कंपनीकडे अनन्य हक्क नसल्याने तिला दावा करण्याचाच अधिकार नाही, असे न्यायालयाने ठरवले. उरले एक गाणे. ‘झनाडू’ या १९८० च्या चित्रपटातले, ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने गायलेले ‘मॅजिक’. बरबँकच्या मुलांनी ते ‘रेनमेकर’ नावाच्या अठरा मिनिटांच्या कार्यक्रमात वापरले होते. दुष्काळाने होरपळलेल्या एका गावात पाऊस पाडणारा माणूस येतो, अशी त्याची कथा आणि त्या कथेत या गाण्याच्या ध्रुवपदाचे जेमतेम वीस सेकंद, तेही बदललेल्या रूपात. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २४ मार्च २०२० रोजी निकाल दिला, की हा वापर शैक्षणिक आहे, त्यातून नवी कृती घडली आहे आणि मूळ गाण्याच्या बाजारपेठेला त्याने धक्का लागत नाही. सबब तो न्याय्य वापर ठरतो. शाळेच्या बाजूला वकिलांचा खर्च मिळण्याचा हक्कही न्यायालयाने मान्य केला.

हा निकाल साजरा करायला तेव्हा प्रेक्षागृहे उघडी नव्हती. करोनामुळे त्याच महिन्यात हंगाम अर्ध्यावर मोडला होता. वॉशिंग्टन राज्यात प्रौढांच्या एका गायकवृंदाच्या सरावाला जमलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले आणि त्यातले दोघे दगावले, तेव्हापासून एकत्र गाणे हीच धोक्याची गोष्ट ठरली. पुढच्या हंगामात कुठे मुखपट्टी लावून, कुठे चित्रफिती पाठवून स्पर्धा झाल्या. प्रेक्षकांविना झालेल्या त्या स्पर्धांत गुण मिळाले, चषकही मिळाले, पण संथ गीताआधीच्या आरोळ्या आणि नंतरची शांतता दोन्ही गायब होते.

आता बसगाड्यांच्या रांगा पुन्हा लागू लागल्या आहेत. बरबँकचा निकाल मात्र नवव्या सर्किटच्या अखत्यारीतल्या कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या नऊ राज्यांतच बंधनकारक आहे. जिथे या स्पर्धा जन्मल्या आणि जिथे त्या सर्वाधिक चुरशीने खेळल्या जातात, ती इंडियाना, आयोवा, ओहायो, मिसिसिपी ही राज्ये त्या कक्षेबाहेर आहेत. तिथल्या पालक संघटनांना परवाना काढूनच गाणे निवडणे अजूनही शहाणपणाचे ठरते.