कॅम्परचा फ्रिज रात्री बंद का पडला? (एपिसोडचं लेखी रूप)

कानात हेडफोन नसतील तर हा एपिसोड इथे वाचा.

मे महिन्यात आई-बाबांना घेऊन भाड्याच्या कॅम्पर व्हॅनने पुण्याहून निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, मालवण. तारकर्लीजवळ माडांच्या सावलीत गाडी लावली. दिवसभर समुद्र, संध्याकाळी इलेक्ट्रिक किटलीत चहा, रात्री दोन पंखे. मज्जा!

सकाळी सहाला आईने फ्रिज उघडला तर आतला दिवा बंद. आत बाबांची इन्सुलिनची पेनं. थर्मामीटर १४ अंश दाखवत होता, आणि न वापरलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात.

मालवणात माझा कॉलेजचा रूममेट राहतो. इलेक्ट्रिकलवाला. त्याचे वडील गेले तेव्हा मी गेलो नाही, साधा फोनही केला नाही. रिलीज होतं, हे माझं कारण. नंतर लाजेने पाच वर्षं गेली. बाबा म्हणाले, "लाव फोन. माझी पेनं तुझ्या लाजेपेक्षा महत्त्वाची आहेत."

वीस मिनिटांत तो बाईकवरून आला. "काय मेल्या, फोन करूक पाच वर्सां लागली?" एवढंच. मग बाबांना, "काका, वापरात असलेलं पेन साधारण चार आठवडे बाहेर चालतं, त्याच्या कागदावर बघा. फक्त तापलेल्या गाडीत नको. बाकीची आमच्या फ्रिजात ठेवूया." कागद वाचून बाबांनी डॉक्टरांनाही फोन केला, मग पेनं त्याच्या घरी गेली.

परत येऊन त्याने बॅटरीला मल्टीमीटर लावला. ११.८ व्होल्ट. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते.

आता हिशोब बघा. १२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-तास म्हणजे १२०० वॉट-तास. पण लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून हाताशी ६०० च धरायचे. आमचा फ्रिज ४५ वॉटचा. दहा तासांच्या रात्रीत कॉम्प्रेसर निम्मा वेळ चालला तरी २२५. वीस-वीस वॉटचे दोन पंखे, ४००. इथेच ६२५ झाले! शिवाय १५०० वॉटची किटली पाच मिनिटं, १२५. (ती बॅटरीतून १२५ अँपिअर ओढते, इन्व्हर्टरमधला तोटा वेगळाच. चहा भारी होता, पण.) बॅटरी मरू नये म्हणून कटऑफने गुपचूप सगळं बंद केलं. कोड लिहिताना मी प्रत्येक लूप मोजतो, इथे एक गुणाकार केला नाही.

"पण छतावर सोलर आहे की," मी म्हणालो. त्याने वर बोट दाखवलं. माडाची झावळी. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे थोड्या भागावर सावली पडली तरी पूर्ण पॅनेलची वीज बरीच पडते. आणि गाडी चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो. आम्ही दिवसभर जागचे हललो नव्हतो. "वर नारळ पण आसत," तो म्हणाला. गाडी लगेच उन्हात घेतली.

दुपारी त्याच्या घरी जेवलो. भिंतीवर त्याच्या वडिलांचा फोटो होता. मी काहीतरी बोलायला लागलो, तर त्याने सोलकढीची वाटी पुढे सरकवली. "आधी जेव. मगे बोलूया."

बोललो. रात्री दोनपर्यंत, त्याच्या ओट्यावर. कॅम्परमधला एक पंखा तेवढा बंद ठेवून.