चार दिवसांचा आठवडा: लोकांची कामं रखडली का?

ब्रिटनमधल्या साउथ केंब्रिजशायर कौन्सिल या स्थानिक स्वराज्य संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये प्रयोग सुरू केला: पगार पूर्ण, काम पूर्ण, वेळ मात्र ८० टक्के. कार्यालय सोमवार ते शुक्रवार उघडंच.

मग लोकांची कामं रखडली का? हे पाहण्यासाठी फोन किती वेळात उचलला जातो, बांधकाम परवानग्या, भाडेवसुली अशा २४ निकषांवर सेवा तपासल्या. २०२४ च्या अहवालात २२ निकषांवर कामगिरी तेवढीच किंवा आधीपेक्षा चांगली निघाली. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. जुलै २०२५ मध्ये योजना कायम झाली.

महाराष्ट्रात २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. इथेही अशीच तपासणी करायची, तर दाखला किती दिवसांत हातात पडतो, हे बदलाआधी आणि नंतर मोजावं लागेल.