हिवरे कुठलं?

जुन्नर तालुक्यात 'हिवरे तर्फे नारायणगाव' नावाचं गाव आहे. त्याच तालुक्यात 'हिवरे तर्फे मिन्हेर'ही आहे. पुरंदरात आणखी एक हिवरे. हिवर हे बाभळीच्या कुळातलं, कोरड्या माळावर तग धरणारं झाड. ते पाहूनच ही नावं पडली असावीत. मग सातबारा भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून बहुतेक हिवऱ्यांना शेपूट लागलं असावं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाण्याचा ताळेबंद मांडणारं जे हिवरे साऱ्या देशाला माहीत आहे, त्याचं शेपूट 'बाजार'.

'तर्फे' हा शब्द मला विलक्षण वाटतो. तर्फ म्हणजे जुन्या महसूल व्यवस्थेतला गावांचा गट. अमुक गटातलं हिवरे, असं ते नावच सांगतं. इंटरनेटवरचे पत्ते ज्या युक्तीवर चालतात, ती हीच युक्ती.

सुरुवातीला तिथं युक्ती नव्हती. जाळ्यातल्या सगळ्या संगणकांची नावं अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एकाच यादीत ठेवलेली असत आणि जो तो तिची प्रत उतरवून घेई. साऱ्या जगाला मिळून एकच तलाठी! संगणक वाढले तसा तलाठी थकला. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी दप्तर वाटून टाकायची रचना मांडली. आज आपण 'अमुक.कॉम' लिहितो तेव्हा ते नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं, पोस्टमन पत्ता खालून वर वाचतो तसं. आधी मुळाशी चौकशी: कॉमचं दप्तर कुणाकडे? तिथं गेलं की पुढची: अमुकचं दप्तर कुणाकडे? तिथून नेमका आकडी पत्ता मिळतो. सगळी नावं कुठल्याच एका ठिकाणी ठेवलेली नाहीत; प्रत्येकाला फक्त आपल्या खालचा माणूस ठाऊक आहे. आणि हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

फरक एकाच जागी आहे, पण मोठा आहे. जमिनीवर चार हिवरी सुखानं नांदतात, कारण प्रत्येकाभोवती तालुका किंवा तर्फ आहे. कॉममध्ये ना तालुका, ना तर्फ. सारं जग एकाच गावठाणात राहायला आलंय आणि तिथं एका नावाचं एकच घर. १५ मार्च १९८५ रोजी 'सिम्बॉलिक्स' हे पहिलं कॉम नाव नोंदलं गेलं. तेव्हापासून छोटे, गोड इंग्रजी शब्द भराभर उचलले गेले. हिवरे बाजारात पाऊस किती पडला ते मोजून पिकं कुठली घ्यायची हे ग्रामसभा ठरवते. नावांच्या वाटपाला अशी ग्रामसभा नाही. १९९८ पासून आयकॅन ही संस्था नियम करते खरी, पण मुख्य नियम एका ओळीचा: आधी येईल त्याचं.

आता समजा, हिवरे बाजारातल्या एखाद्या मुलीला गावचं दूध नगरला, पुण्याला पोचवणारी कंपनी काढायची आहे आणि नावात गाव हवंच आहे. रोमन लिपीत ते लिहायचं कसं? 'हि'ला आय लावायचा की दोन ई? 'व'ला व्ही की डब्ल्यू? त्यापुढे ए घालायचा की नाही? 'बा'त एक ए की दोन? 'ज'ला जे की झेड? शेवटच्या 'जा'त पुन्हा एक ए की दोन? सहा प्रश्न, प्रत्येकाला दोन उत्तरं, म्हणजे चौसष्ट स्पेलिंगं. तिनं एक विकत घेतलं तर उरलेल्या त्रेसष्ट वाटांनी गिऱ्हाईक भलतीकडे जाणार. म्हणून माझी कसोटी सोपी आहे. चालत्या एसटीतून फोनवर नाव एकदाच सांगायचं आणि समोरच्यानं काय लिहिलं ते पाहायचं. त्यानं 'व्ही फॉर व्हिक्टर का?' असं विचारलं की ते नाव बाद. आकडा घातलात तर तो आकड्यात की अक्षरात, आडवी रेघ घातलीत तर ती कुठं, हेही सांगत बसावं लागतं. हवं ते नाव गेलं असेल तर अक्षरं मोडून-वाकवून नवं बनवू नये. गावांनी केलं तेच करावं, एक सरळ शब्द जोडावा. हिवऱ्याला 'बाजार' जोडून काही वाईट झालं नाही.

एका अक्षराची किंमत मुंबईत कोर्टात ठरली आहे. रेडिफ या कंपनीच्या नावातल्या ई-च्या जागी ए घालून कुणीतरी 'रॅडिफ' नोंदवलं होतं. प्रतिवादींचा खुलासा वाचताना हसू आवरत नाही: म्हणे हे रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून झालं! १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयानं ते मानलं नाही आणि वेबपत्ता हा नुसता पत्ता नसून व्यापारचिन्हासारखं संरक्षण त्यालाही मिळतं, असं म्हटलं. २००४ मध्ये सिफी या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तीच दिशा धरली.

विकत घेतलं म्हणतो खरं, पण हे सगळं भाडेपट्ट्याचं. एका वेळी फार तर दहा वर्षं. हिवरे बाजारनं जमीन बाहेरच्याला विकायची नाही असं ठरवलं. इथं उलट, पट्टा चुकला की सगळे बाहेरचेच. कॉम नावाची मुदत टळून ते रद्द झालं की सोडवून घ्यायला तीस दिवस मिळतात, मग पाच दिवस ते टांगून राहतं आणि सहाव्या दिवशी टपून बसलेले संगणक-प्रोग्रॅम सेकंदाच्या आत ते उचलतात. नाव दुसऱ्याकडे असेल तर मालकाला गाठावं, पण कंपनीचा गाजावाजा होण्याआधी. नंतर भाव चढतो. पैसे तिऱ्हाइताकडे ठेवावेत, नाव आपल्या खात्यात आल्यावरच सोडावेत.

रोमनच्या चौसष्ट भानगडींतून सुटायला देवनागरी आहेच की, असं तुम्ही म्हणाल. २०१४ पासून '.भारत' मिळतं. पडद्याआड त्याचं 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असं रूप होतं, कारण जुन्या यंत्रणेला रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच कळतं. ते आपल्याला दिसत नाही, म्हणून चालतं. पण हिवरे बाजारच्या नियमांतलाच एक शब्द घ्या: कुऱ्हाडबंदी. त्यातला आडवा अर्धा र मराठीला लागतोच. नाहीतर जेवायला आचाऱ्यांना बोलवायचं की आचार्यांना, हेच कळेनासं होतं. हा र दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याच्या ऱ-नं, किंवा साध्या र-चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारी जोडखूण ठेवून. डोळ्याला दोन्ही कुऱ्हाडी सारख्याच, यंत्राला दोन वेगळी नावं. अशा बिगर-रोमन वेबपत्त्यांचे २००३ चे नियम तर ती अदृश्य खूण गुपचूप पुसून टाकत आणि कुऱ्हाडीचा आडवा र रफार होऊन ह-च्या डोक्यावर जाऊन बसे. २०१० मध्ये नियम नव्यानं लिहिले गेले, तेव्हा कुठं मोडलेल्या पायापुढे उभं राहायची परवानगी त्या खुणेला मिळाली.