गाडीच्या काचेवर ‘विकणे आहे’ लिहून रस्त्यावर उभी केली, तर दंड होतो का?

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. तो पिंपरीचा आहे आणि त्याचा प्रश्न असा: “दादा, बाबांची जुनी गाडी विकायचीय. ॲपवर टाकली की एजंट लोकांचेच फोन येतात. म्हणून मागच्या काचेवर ‘विकणे आहे’ आणि मोबाइल नंबर लावून मेन रोडला उभी करावी म्हणतोय. पण काका म्हणतात, पोलीस उचलून नेतील. खरंय का?”

एका वाक्यात उत्तर सांगतो: त्या कागदासाठी नाही नेणार, पण जागेसाठी नेऊ शकतात. आता हे नीट उलगडून बघू. मी वकील नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कायद्याची कलमंसुद्धा बऱ्यापैकी इफ-एल्ससारखी असतात. अट काय आहे ते शांतपणे वाचलं की निम्मा गोंधळ जातो.

कायदा कागद बघत नाही, जागा बघतो

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यात ‘रस्त्यावर गाडी विकायला उभी करणे’ असा वेगळा गुन्हा नाही. पण दोन कलमं इथे थेट लागू होतात.

पहिलं कलम १२२. सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा लोकांना विनाकारण त्रास होईल अशा पद्धतीने गाडी उभी ठेवायची नाही. काचेवर काही लिहिलंय की नाही, याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही.

दुसरं कलम १२७. नो-पार्किंगमध्ये लावलेली, किंवा सार्वजनिक जागी १० तास किंवा जास्त वेळ बेवारस सोडलेली गाडी टो करण्याची किंवा तिला जॅमर लावण्याची परवानगी गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. टोइंगचा खर्च आणि वर दंड मालकाच्या डोक्यावर. आता विचार करा, विकायला ठेवलेली गाडी काय करते? तीच जागा, तोच कोपरा, आठ-आठ दिवस. म्हणजे ‘विकणे आहे’ लिहिल्यामुळे नाही, तर हलत नसल्यामुळे ती सापडते.

त्याशिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे. सार्वजनिक रस्त्यावर अडथळा केला, तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. आधी हेच कलम आयपीसीमध्ये २८३ होतं.

थोडक्यात, पार्किंगला परवानगी असलेल्या जागी तुमची एकच गाडी रोज वापरात आहे आणि तिच्या काचेवर छोटा कागद आहे, तर घाबरायचं कारण नाही. फक्त कागद एवढा मोठा नको की मागचं दिसणं बंद होईल. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे. त्यामुळे गाडी चालवताना कागद काढून ठेवलेला बरा.

आणि हो, तोच कागद विजेच्या खांबावर, झाडावर किंवा बस स्टॉपवर चिकटवू नका. तिथे महाराष्ट्राचा १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा मधे येतो. गाडी तुमची आहे, खांब तुमचा नाही.

एक गाडी वेगळी, पाच गाड्या वेगळ्या

खरा त्रास वेगळ्याच लोकांचा आहे. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर एका एजंटच्या चार-पाच गाड्या कायम रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीवर किंमत. संध्याकाळी लोक स्वतःच्या घरासमोर जागा शोधत फिरतात. एकदा ॲम्ब्युलन्सला रिव्हर्स घेत बाहेर पडावं लागलं, तेव्हा सगळे गॅलरीत येऊन बघत होते. रस्ता सगळ्यांच्या टॅक्समधून झालाय, आणि शोरूमचं भाडं मात्र एकाचं वाचतंय.

इंग्लंड आणि वेल्समध्ये नेमकी याच ठिकाणी रेघ ओढलीय. तिथल्या २००५ च्या एका कायद्यानुसार, दोन किंवा जास्त गाड्या एकमेकींपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर विक्रीसाठी लावल्या, तर तो गुन्हा आहे. कमाल दंड २,५०० पाउंड. पण ‘मी गाड्या विकायचा धंदा करत नाही’ हे सिद्ध केलं की सुटका. म्हणजे घरची गाडी विकणारा सुटतो आणि रस्त्याचं दुकान करणारा अडकतो. मला ही अट आवडली, कारण त्रास नक्की कोण देतंय ते ती बरोबर पकडते.

आपल्याकडे अशी रेघ नाही, पण धंदा करणाऱ्यांसाठी दुसरे नियम आलेत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम काढले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरकडे अधिकृत परवाना हवा. गाडी त्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन नोंद हवी. गाडी कोणी, कशासाठी, किती किलोमीटर चालवली, याचं इलेक्ट्रॉनिक रजिस्टरही त्याने ठेवायचं.

कागदापेक्षा आरसी महत्त्वाची

आता जे सांगतोय ते नीट ऐका, कारण टोइंगपेक्षा मोठा फटका इथे बसतो. रस्त्यावर बघून आलेला गिऱ्हाईक अनोळखी असतो. तो म्हणतो, “रोख घ्या, नावावर नंतर करू.” तुम्ही फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या देता, चावी देता, विषय संपला असं वाटतं.

पण संपलेला नसतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये हेच ठरवलं. गाडी विकली होती, पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत गेली आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. आरसीवर नाव मात्र पहिल्या मालकाचंच. कोर्ट म्हणालं, नोंदीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची.

म्हणून विक्री झाली की १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे (गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ४५ दिवस). परिवहन पोर्टलवरून अर्ज करता येतो. ट्रान्सफरचा अर्ज झाल्याशिवाय पूर्ण ताबा देऊ नका. डिलिव्हरीची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी ठेवा.

तर पिंपरीच्या मित्रा, काकांना सांग, ते अर्धे बरोबर आहेत. गाडी सोसायटीत स्वतःच्या पार्किंगमध्ये ठेव, कागद तिथेच लाव, सेक्रेटरींना आधी विचारून घे. रोज बाहेर काढशील तेव्हा लोक बघतीलच. आणि सौदा ठरला की पेढे वाटायच्या आधी आरसीवरचं बाबांचं नाव बदललंय का, ते एकदा तपास.

तुमच्या रस्त्यावरही कोणी शोरूम थाटलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. तक्रार कुठे आणि कशी करायची, ते पुढच्या भागात बघू. भेटूया!